खडूच्या चौकटीतला ट्रेलर

घडीमावशीचा प्रवास नेहमी शेवटच्या दिवसापासून सुरू व्हायचा.

दरवर्षी तळ्यावर जायच्या आठ दिवस आधी ती पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावायची आणि फरशीवर खडूनं एक चौकट आखायची. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अंगणातल्या, गाडीमागे जोडायच्या छोट्या ट्रेलरच्या बरोब्बर मापाची. मग त्या चौकटीत सगळं सामान रचून बघायची. जे तिथे सगळ्यात शेवटी लागणार ते तळाला, आणि जे पोचल्या पोचल्या लागणार ते वर, मागच्या फळीजवळ. त्यामुळे तिच्या हातात आधी यायचे परतीच्या दिवसाचे कोरडे कपडे, आणि ते ठेवताना तिला तळं मागे पडताना दिसायचं. ब्लँकेटं ठेवताना तिसऱ्या सकाळचं धुकं दिसायचं. फोल्डिंगच्या खुर्च्या ठेवताना दुपार आणि पाण्यावर डुलणारं ऊन. तंबू ठेवला की पोचल्याची संध्याकाळ. भुतं उलट्या पावलांनी चालतात म्हणतात, तशी मावशी उलट्या दिवसांनी चालायची. शेजारी आठवडाभर चौकटीला वळसा घालून आत यायचे आणि मावशीची कुठेतरी लागलेली नजर पाहून गप्प बसायचे.

तीस वर्षं ती इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत होती. चादरी, ब्लँकेटं, उशा, पडदे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. नर्सबाईंनी तिचं नाव घडीमावशी ठेवलं आणि तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं. घरातलं वर्तमानपत्रसुद्धा वाचून व्हायच्या आत घडी होऊन कपाटात जायचं. फक्त स्लीपिंग बॅगांना तिनं कधी घडी घातली नाही. वर्षभर दाबून ठेवल्या की त्यांच्यातली ऊब मरते, असं तिचं म्हणणं. म्हणून त्या दोन्ही बॅगा झोपायच्या खोलीत खुंट्यांवर मोकळ्या लटकत असायच्या आणि नवखा पाहुणा त्यांना बघून दचकायचा.

तिचा नवरा, म्हणजे काका, बस चालवायचे. बत्तीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही. त्यांच्या बसमध्ये उभ्या माणसाला दांडी धरावी लागायची नाही, म्हणून डेपोत त्यांना 'लोणी' म्हणत. दोघांची वाटणी ठरलेली होती. भरायचं मावशीनं, ओढायचं काकांनी, आणि एकानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. तीसच काय, तीनशे वर्षं असंच चाललं असतं.

पण गेल्या वर्षी उताराच्या रस्त्यावर ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा, मग एवढा की गाडीच त्याच्याबरोबर डावी-उजवी व्हायला लागली. काकांनी ब्रेकवर पाय न आपटता हळूहळू वेग उतरवला आणि गाडी कडेला घेतली. खरचटलंदेखील नाही कुणाला. पण ते खाली उतरले ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत उभे राहिले. "माझे हात गेले," एवढंच म्हणाले. तिथूनच दोघं परतले, तीसच्या वेगानं, मागच्यांचे हॉर्न खात.

त्यानंतर वर्षभर गाडी जागची हलली नाही. काका बाजारात चालत जायला लागले. व्यायाम होतो, म्हणायचे. रोज सकाळी उठले की खिडकीपाशी जायचे, दोन्ही हात समोर धरायचे आणि बोटं थरथरतात का ते बघायचे. मावशी झोपली आहे असं त्यांना वाटायचं. मावशी पांघरुणातून सगळं बघायची.

या वर्षी तळ्याचं विचारलं तेव्हा काका "बघू" म्हणाले. मावशीनं तरीही चौकट आखली. ट्रेलरचा मागचा दिवा बंद होता, म्हणून ज्या वेल्डरनं ट्रेलर बांधला होता त्याला तिनं घरी बोलावलं. दिवा लावता लावता त्यानं सहज विचारलं, कसा चालतो म्हणून. तिनं गेल्या वर्षीचं सांगितलं. पाणी कुठे ठेवलं होतं, असं त्यानं विचारलं. मावशी ऐटीत म्हणाली, मागे. गेल्याच वर्षी वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेतले होते. ते आणि स्टोव्हची पेटी अगदी मागच्या फळीला ठेवली, पोचल्यावर दहा मिनिटांत चहा व्हावा म्हणून. शिवाय इस्पितळातल्या ढकलगाडीचाही तोच नियम होता. वजन आपल्याकडे ठेवलं की पुढची चाकं उचलून उंबऱ्यावर घेता येतात.

 वेल्डरनं रिकाम्या ट्रेलरच्या मागच्या काठावर तळहात ठेवून जरा दाबलं. गाडीला अडकणारा पुढचा दांडा हातभर वर उठला. मग तो म्हणाला की ढकलायच्या गाडीचं वेगळं आणि ओढायच्या गाडीचं वेगळं. जड सामान चाकांच्या थोडं पुढे हवं. मागे गेलं की ट्रेलर शेपूट हलवणारच, चालवणारा कुणी का असेना.

तीन दिवस मावशी मूग गिळून बसली. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं तिचं. काका पाणी मागायला आले तरी ती दचकायची. तीस वर्षांत तिच्या रचण्यात कुणी खोट काढली नव्हती. गुपचूप कॅन पुढे सरकवले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण काका गाडीत बसणारच नव्हते. आपले हात गेले असं समजूनच ते म्हातारे झाले असते. चौथ्या सकाळी पांघरुणातून तिनं पुन्हा ते पसरलेले हात बघितले आणि तिला स्वतःची लाज वाटली.

दुपारी तिनं चौकट रिकामी केली आणि नव्यानं रचायला घेतली. काका खुर्चीवरून बघत होते.

"पाणी पुढे?" ते म्हणाले. "चहासाठी सगळा ट्रेलर उपसशील."

मावशी कॅनवर हात ठेवून तशीच उकिडवी बसून राहिली. "अहो, गेल्या वर्षी तुमचे हात नव्हते चुकले. मी चुकले होते. चाळीस किलो पाणी मी मागे ठेवलं होतं." मग वेल्डरचं सगळं सांगितलं, आपण तीन दिवस गप्प बसलो तेही सांगितलं.

 "वर्ष झालं," काका म्हणाले. "रोज सकाळी मी..." आणि वाक्य अर्ध्यावर टाकून अंगणात गेले.

तिनं खिडकीतून बघितलं. काकांनी ट्रेलरच्या मागच्या काठावर तळहात ठेवला. पुढचा दांडा वर उठला. हात काढला, दांडा खाली आला. पुन्हा दाबलं. ऊन उतरेपर्यंत ते तसंच करत राहिले, आणि तो दांडा अंगणात हळूहळू वर-खाली होत राहिला. त्या संध्याकाळी ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिनंही काही विचारलं नाही. रागावण्याचा त्यांना हक्क होता.

सकाळी तिला जाग आली तेव्हा खिडकीपाशी कुणी नव्हतं. काका पुढच्या खोलीत फरशीवर गुडघे टेकून बसले होते, हातात खडू. चौकटीच्या पुढच्या कडेच्या मध्यापासून त्यांनी एक रेघ ओढायला घेतली होती, ट्रेलरच्या दांड्याची. पट्टी नाही, दोरी नाही. चार फूट रेघ, दारापर्यंत, कुठेही वाकली नव्हती. ती पुरी झाल्यावर ते मागे सरकले आणि तिच्याकडे बघत राहिले. 

"चाकं कुठे येतात ते आख," खडू मावशीला देत ते म्हणाले. "आणि चहा उशिरा मिळाला तरी चालेल मला."

मावशीनं चाकं आखली आणि पाण्याचा पहिला कॅन चाकांच्या थोडा पुढे ठेवला. पोचल्यावर सगळ्यात आधी लागणारी वस्तू या वेळी सगळ्यात आधी ठेवली गेली. तिला तळं दिसलं नाही, धुकं दिसलं नाही. उताराचा रस्ता दिसला, आणि स्टिअरिंगवर ठेवलेले काकांचे दोन हात.