माती मुरतेय

नाव : सौ. अनिता विशाल घरत. राहणार जोहे, तालुका पेण, जिल्हा रायगड. व्यवसाय : मूर्तिकार. स्वतः घडविलेल्या मूर्ती : निरंक. नियोजित मूर्ती : एक, शाडूची, लहान, बैठी. साधनसामग्री : निळा टब एक (मूळ उपयोग कपडे भिजविणे). कामाची सद्यःस्थिती : माती मुरविणे. सदर टप्पा काही वर्षांपासून समाधानकारकरीत्या सुरू आहे.

निरंक म्हणजे बाईला काही येत नव्हतं असं नाही. सगुणाबाईंच्या कारखान्यात ती आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायची. गणपती साच्यातून निघतो, वाळतो, रंगतो आणि सगळ्यात शेवटी आखणीला येतो. अनिताच्या हातून हजारो गणपती बघते झाले होते, पण त्यातला एकही तिचा नव्हता. सोंड दुसऱ्याची, पोट दुसऱ्याचं, साचा तर दुसऱ्याचाच. आपण एक घडवावा आणि कारखान्यात त्याचा साचा निघावा, असं तिच्या फार मनात होतं. मनात तो अगदी सुरक्षित होता.

कोणी विचारलं, की ती म्हणे, "माती मुरतेय." लोणचं मुरतं, गवई मुरतो, तर माती का मुरू नये? कोणी हरकत घेत नसे. दर रविवारी टबातलं पाणी ती निष्ठेनं बदलायची. नवरा, विशाल, नागोठण्याच्या एका कंपनीत होता. शिफ्टवरून आला की विचारायचा, "मुरली का गो?"

"तुमचं काय जातंय?"

"माझं कपडं हायत. भिजवू कशात, तुझ्या डोक्यात?"

दसऱ्याला सगुणाबाईंनी विषय काढला. कारखान्याचा जुना साचा झिजला होता. यंदाच्या गणपतींची बोटं एकमेकांना चिकटून आली होती. "तुझा होतोय तर सांग गो अनिता. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतंय. नायतर हमरापूरवरून विकतचा आणीन, आणि एकदा आणला का मंग तोच. मी मरेपर्यंत."

सगुणाबाईंची प्रकृती उत्तम होती.

एवढी निकड निर्माण झाल्यावर अनितानं जे करायचं तेच केलं. घरी जाऊन टबातलं पाणी बदललं.

पाणी ओतताना वरचा एक गोळा तिनं काढून पाटावर ठेवला. शेजारी नवा ब्रश पडला होता. त्याचं टोक कसं आहे ते बघायला तिनं तो काळ्या रंगात बुडवला आणि एरवी नखावर ओढते ती रेघ गोळ्यावर ओढली. रेघ छान आली. पण वरची पापणी आली की खालची काढायची, ही हाताची सवय. आणि एक डोळा काढून कोणी थांबत नाही. बुबुळात पांढरा ठिपका दिल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो.

गोळा तिच्याकडे बघत होता.

ती धावत सगुणाबाईंकडे गेली. "काकी, चुकून डोळं काढलं."

"कुणाचं?"

"कुणाचं नाय. नुसत्या मातीला."

सगुणाबाईंच्या कारखान्यात एक नियम होता : आखणी झालेली माती परत टबात जायची नाही. डोळे उघडल्यावर देवाला पुन्हा चिखल करायचं नाही. मूर्ती तडकली तरी तिला रीतसर नदीवर नेत.

"मंग नदीवर नेऊ?" अनितानं आशेनं विचारलं.

"नेशील! नाक नाय, तोंड नाय, सोंड नाय, आणि विसर्जन? बसवलास कधी त्याला? बघतोय तो, आता पुरा कर."

मूर्ती डोळ्यांपासून सुरू करायची नसते, हे अनितालाही ठाऊक होतं. सवयीनं काढलेले डोळे निघाले दोन फुटी गणपतीचे. डोळ्यांना शोभेल असा चेहरा केला, तर चेहऱ्याला शोभेल असं पोट करावं लागलं. लहान मूर्तीचा बेत तिथंच संपला. रंगवलेले डोळे पुसू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून ती रोज कारखान्यातून आली की मूर्तीपाशी बसे. एकदा सोंड गळून पडली, एकदा खांदा. विशाल म्हणाला, "हा झोपलाय का बसलाय?" दुसऱ्या दिवशी मात्र तोच बाजूला उकिडवा बसून हात आधाराला धरत होता. सगळा टब रिता झाला.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी टेम्पोतून मूर्ती कारखान्यात गेली. सगुणाबाईंनी एक फेरी मारली. "कान मोठं झालंन."

"व्हय."

"मान जरा वाकडी हाय."

"व्हय, काकी."

"बघतोय मात्र आपल्याकडंच." आणि साचेवाल्याला म्हणाल्या, "घे याचा."

साच्याला रंग लागू नये, म्हणून आधी डोळे पुसावे लागले. ते अनितानं स्वतः पुसले. उरलेलं सगळं तिचंच होतं.

आता दुसरी मूर्ती करायला घ्यायचं ठरलंय. त्यासाठी माती किती दिवस मुरवणार, असं विचारलं, तर अनिता टबात भिजलेल्या शर्टांकडे बघते आणि विषय बदलते. शाडू एका रात्रीत भिजते.