कौसाचं तोंड

हे मी आजवर कुणाजवळ बोललो न्हाई — मित्राजवळ न्हाई, देवासमोर हात जोडतानाही न्हाई. तुम्हाला सांगतो. तुम्ही कौसाला पाहिलेलं न्हाई, म्हणून जमेल कदाचित.

राजूरला देवळाच्या वाटेवर माझं नारळ-प्रसादाचं दुकान. बायको कौसा पहिल्यापासून तंबाखूची मिसरी लावायची. तिच्या गालात गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन झालं, मंग शेक — रेडिएशनला आम्ही शेकच म्हणायचो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. शेक रोग जाळतो, पण आजूबाजूचं चांगलं मांसही होरपळतं. ते होईल तेवढं वाचवायचं. म्हणून किडक्या दाढा आधीच काढल्या. गालाला साबण-तेल बंद. मीठ-सोड्याच्या गुळण्या. आणि एक काम खास माझ्याकडे — आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक धरून तिच्या दातांत सरकवायच्या, तोंड उघडवायचं. रोज. शेक संपल्यावरही कैक महिने. न्हाईतर जबडा चामड्यासारखा आखडतो, आणि मंग सुटत न्हाई.

पट्टी लावली की कौसा रडायची, माझा हात ढकलायची. मला दया आली म्हणून मी सोडलं — असंच मी स्वतःला सांगत आलो. पण खरं काय होतं? तिच्या तोंडाला वास यायचा. मला किळस यायची. जिनं माझ्या आईचं हगणं-मुतणं काढलं, तिच्याजवळ मला बसवत नव्हतं. गिऱ्हाइकाचं निमित्त करून मी दुकानात जायचो. तिच्या एकटीच्या हातात तेवढा जोर नव्हता.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पट्ट्यांचं विचारलं. मी म्हणालो, "रोज करून राह्यलो, मॅडम." कौसानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

रोग गेला. तोंड मात्र मिटत गेलं — शेवटी करंगळीही आत जाईना. दूध, आंबील, वरणाचं पाणी. लोक म्हणायचे, शेकानं बाईचं तोंड शिवलं. मी ऐकून घ्यायचो.

एवढ्यावर थांबलं असतं तर? न्हाई थांबलं.

काही वर्षांनी तिचा धाकटा भाऊ भानुदास अंबडकडून आला. गुटख्यानं त्याच्याही गालात तेच निघालं होतं. डॉक्टर शेक घे म्हणत होते. जेवताना तो बहिणीकडेच बघत होता. ती वाटी तिरपी करून दातांच्या फटीतून आंबील ओढत होती. हात धुवून तो माझ्याजवळ बसला.

"दाजी, खरं सांगा. आक्काचं हे शेकानंच झालं ना?"

कौसा दारात उभी होती. फक्त शेकानं न्हाई, असं म्हटलं असतं तर उरलेलं सांगावं लागलं असतं — तिच्यादेखत, तिच्याच भावाला.

"शेकानंच," मी म्हणालो.

"मंग मला न्हाई घ्यायचा."

कौसा जोरजोरात मान हलवू लागली. घे, घे, म्हणून हातानं सांगू लागली. मिटल्या दातांतून काही बोललीही, पण मला सवयीनं कळायचं तसं त्याला ते कळेना. बहीण धीर देऊन राह्यली, असं त्याला वाटलं. तो गेला, एका जडीबुटीवाल्याच्या नादी लागला. शेकानं तो वाचलाच असता, असं कुणी म्हटलं नव्हतं. पण वाचण्याची वाट मी बंद केली. पुढचा पोळा त्यानं पाहिला न्हाई.

त्याच्या मातीहून परतताना एसटीत कौसा माझ्याजवळ बसली न्हाई. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, माझा डबा कधी चुकवला न्हाई, पण माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. तोंड उघडत न्हाई म्हणून आई गप्प असते, असं आमच्या लेकीला वाटायचं. तिला तसं मीच सांगितलं होतं.