सुतकात पाहिलेलं प्राग

मी प्रागला जाऊन आलो हे कळलं की लोक हमखास विचारतात, तिथं बघण्यासारखं काय काय आहे? मी सांगतो. नदीवरचा जुना दगडी पूल बघा, त्याच्या दोन्ही कठड्यांवर संतांचे पुतळे आहेत. चौकातलं मोठं घड्याळ बघा. टेकडीवरच्या किल्ल्याला अर्धा दिवस तरी ठेवा. पुलापलीकडं बाळ येशूचं चर्च आहे, तेही चुकवू नका. एवढं सांगून मी थांबतो. ते शहर मी आईच्या सुतकात पाहिलं, हे सांगायला जीभ रेटत नाही. आज लिहायला बसलो आहे.

आमचं गाव निरवांगी. आई शाळेची पायरी चढली नव्हती. म्हशींच्या धारा काढून तिनं मला बी.एस्सी. केलं, आणि घरातला पहिला पदवीधर म्हणून माझा फोटो देवघराशेजारी लावला. मी इंदापूरजवळच्या एका दूध प्रकल्पात केमिस्ट आहे. तिथं दूध तपासायचं नवं यंत्र परदेशातून आलं, तेव्हा ते शिकून यायला दोघांना पाठवायचं ठरलं. एक मी आणि दुसरे मुश्ताकभाई, बारामतीचे, आमच्याकडचे जुने मेकॅनिक. आईचं हृदय तेव्हा अशक्त झालं होतं. मी घुटमळत होतो. ती म्हणाली, "जा की. इमानात बसायचं तुझ्या नशिबात आलंय तर बस. मी काय कुठं पळून चाललीय व्हय?"

मी गेल्यावर पाचव्या दिवशी ती गेली. प्रशिक्षणाच्या गाडीत चढत होतो, तेव्हा थोरल्या दादाचा फोन आला. "आई गेली रं," तो म्हणाला. आमच्यात बापाला थोरला आणि आईला धाकटा अग्नी देतो. धाकटा मी. दादा म्हणाला, "दुपारपातूर उरकावं लागंल. तू आता निघालास तरी दोन दिस लागत्यात, तोंड काय दिसायचं न्हाय. तितंच ऱ्हा, काम पुरं करून ये. दहाव्याला पोचतोयस." मी "बरं" म्हणालो.

थोड्या वेळानं आमच्या साहेबांचाही फोन आला. म्हणाले, तुम्ही हो म्हणा, आजच तिकीट बदलून देतो. मी म्हणालो, "भाऊच नको म्हणतोय, साहेब." हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. शेवटची परीक्षा राहिली होती. ती न देता परतलो तर पुन्हा मला कोण पाठवणार, हा विचार दादाचा फोन ठेवायच्या आत माझ्या मनात येऊन गेला होता. दादा "ये" म्हणाला नाही म्हणून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. तो क्षण मनातून जाईना. रडूही येईना. आईला अग्नी मिळत होता त्या वेळी मी परीक्षानळीत दूध हलवत बसलो होतो.

सुतकाचा चौथा दिवस रविवार होता. प्रशिक्षणाला सुट्टी होती आणि तिथं शिकायला आलेल्या सगळ्यांना शहर दाखवायला एक गाइड मुलगी येणार होती. मला जायचं नव्हतं. पण मुश्ताकभाई दारात येऊन उभे राहिले. "केमिस्ट, खोलीत बसून छताकडं बघतोयस, त्यापरीस ह्या गावाकडं बघ. आन् तू न्हाय आलास तर मला तिचं इंग्रजी कोण सांगनार?" त्यांच्यासाठी म्हणून मी बूट घातले.

चौकातल्या घड्याळापुढं शेकडो माणसं मान वर करून उभी होती. तास भरला की घड्याळाशेजारचा एक हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो. वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि येशूचे शिष्य एकामागून एक पुढं सरकतात. सापळ्याच्या आसपासच्या मूर्ती नकारार्थी मान हलवतात, म्हणजे आम्हाला एवढ्यात यायचं नाही, असं गाइडनं समजावलं. लोक हसले, सगळ्यांचे मोबाइल वर गेले. मुश्ताकभाई माझ्या कानाशी म्हणाले, "मरण घंटी वाजवतंय आन् लोक फोटो काढत्यात. आपन बी काय वेगळं करतोय म्हना." मी मनात म्हटलं, आईनं मान हलवली असेल का? कुणासाठी हलवली असेल?

पूल ओलांडताना गार वारा होता. पुलावर पितळी पत्र्यावरची एक आकृती माणसांच्या हातांनी घासून सोन्यासारखी चकचकीत झाली आहे. तिला हात लावून इच्छा मागतात. मी हात खिशातच ठेवले. मागायचं होतं ते मागायची वेळ टळून गेली होती.

मग बाळ येशूचं चर्च आलं. बाकीचे पायऱ्या चढून आत गेले आणि मी खालीच थांबलो. आमच्याकडं सुतकात देवळाची पायरी चढत नाहीत. चुलती वारली तेव्हा आईनं दहा दिवस देवघराला हात लावला नव्हता, शेजारीण येऊन दिवा लावून जायची. देव कुणाचाही असो, देवच तो. मी कडेला पायरीवर बसलो. मुश्ताकभाईही टेकले. मी म्हटलं, "तुम्ही जा, बघून या." ते म्हणाले, "गुडघं दुखत्यात रं माझं." आदल्याच दिवशी प्रशिक्षणाच्या कारखान्यात ते शिडीवरून माकडासारखे वरखाली करत होते.

थोड्या वेळानं एक म्हातारी बाहेर आली. तपकिरी कोट, डोक्याला रुमाल, हातात किल्ल्यांचा जुडगा. चर्चची व्यवस्था बघणारी असावी. तिनं हातानं आत या म्हणून खुणावलं. मी मान हलवली. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली, ते कळेना. मग मी मोबाइलवर भाषांतराचं अॅप उघडलं आणि मराठीत लिहिलं, "माझी आई वारली. चार दिवस झाले. मला देवळात जाता येत नाही." तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं, दोनदा वाचलं आणि फोन हातात घेऊन ती त्यात बोलली. पडद्यावर मराठी अक्षरं आली. "तुझी आई वारली आहे, तर तू बाहेर का? आमच्याकडे अशा माणसाला सर्वांत पुढच्या बाकावर बसवतात."

मी ते मुश्ताकभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्यात बी मयताच्या घरच्याला मशिदीत कोन अडवत न्हाय. पर तुझं तू बघ बाबा, मी सांगनार न्हाय."

का कोण जाणे, मी आणखी लिहिलं. जे दादाला सांगू शकलो नव्हतो ते लिहिलं. "मला तिच्याकडे परत जाता आलं असतं. मी गेलो नाही." तिनं ते वाचलं. मग ती फोनमध्ये हळू बोलली. "माझा मुलगाही फार लांब असतो. मी मरेन तेव्हा तो पोचणार नाही. त्याला मी आधीच सांगून ठेवलं आहे, धावत येऊ नकोस. सावकाश ये."

आईच्या तोंडून मी हजार वेळा ऐकलेले ते शब्द होते. इंदापूरहून निघालो म्हणून फोन केला की ती तेवढंच म्हणायची. त्या म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि मी लहान पोरासारखा तिच्या मागून पायऱ्या चढलो.

आत काचेमागं हातभर उंचीचा बाळ येशू होता, डोक्यावर मुकुट, अंगात जरीचा हिरवा झगा. देशोदेशींची माणसं त्याला कपडे पाठवतात आणि तिथल्या नन ते बदलतात. आईसुद्धा जन्माष्टमीला आमच्या पितळी बाळकृष्णाला स्वतः शिवलेलं अंगडं घालायची, सुईत दोरा मी ओवून द्यायचो. म्हातारीनं मला खरोखर पहिल्या बाकावर बसवलं. चार दिवसांत पहिल्यांदा मी रडलो. आवाज मोठा झाला असावा, पण कुणी माझ्याकडं बघत राहिलं नाही. म्हातारीनं एक मेणबत्ती लावली. मग एक वही पुढं केली. प्रार्थनेत घ्यायची नावं लोक त्यात लिहून ठेवतात. मी आईचं नाव देवनागरीत लिहिलं आणि थबकलो, हे इथं कोण वाचणार? मागं उभे असलेले मुश्ताकभाई डोळे पुसत म्हणाले, "लिही रं. वरच्याला मराठी येतं."

बाहेर आलो तेव्हा गाइड आमची वाट बघत होती. किल्लाही पाहिला. काय पाहिलं, ते फारसं आठवत नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी गावी पोचलो. दादानं माझ्या वाट्याच्या अस्थी मडक्यात राखून ठेवल्या होत्या. नीरा नरसिंहपूरच्या संगमावर आम्ही दोघंच गेलो. पाण्यात उतरायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं, साहेबांचा फोन, परीक्षा, तो सुटल्यासारखा वाटलेला क्षण. वाटलं, आता हा तोंड फिरवील.

दादा मडक्याचं फडकं सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "मला ठावं हाय. 'बरं' म्हनलास तवाच वळखलं. म्हनूनच मागनं फोन करून 'ये' म्हनलो न्हाय. म्हनलो असतो आन् तू आला नसतास, तर तो बोल तुला आयुष्यभर लागला असता." गाठ घट्ट बसली होती, ती त्याला सुटेना. "आईनं बी तुला बोलावलं नसतं. चल, माझा हात धर, हितं शेवाळ हाय."

आईला अग्नी देणं माझ्या हातून राहिलं, ते आता कधीच भरून यायचं नाही. त्याचं दुःख रोज आहे, आणि ते असावं असंच वाटतं. पण देवाच्या दारात उभं राहायला आपण आधी चांगलं असावं लागतं, हा माझा समज त्या पायऱ्यांवर गळून पडला. परक्या गावात एका म्हाताऱ्या बाईनं, एका मुसलमान मेकॅनिकनं आणि इकडं माझ्या कमी शिकलेल्या भावानं, मी जसा होतो तसा मला आत घेतलं. त्यांच्यापुढं मी हात जोडतो.

दादाचा हात धरून मी पाण्यात उतरलो. मडक्याच्या फडक्याची गाठ शेवटी दोघांनी मिळून दातांनी सोडवली.