टामसाहेबाची टोपी

कापसाच्या बाजारात उमर घालवलेल्या माणसाच्या अंगावरचा कापूस कधी पुरता निघत नाही. घरी येऊन कितीही झटका, जेवायला बसलं की मिशीतून एखादा तंतू निघतोच! किश्श्यांचंही तसंच. काल जुने दोस्त जमले, पानाचं तबक फिरलं, आणि कोणीतरी म्हणालंच, "गनपतराव, त्या टामसाहेबाचं सांगा ना!"

म्हणजे पुन्हा तोच! अकोल्याच्या बाजारात मी जन्म काढला, आणि लोकांना किस्से हवेत ते त्या परक्या माणसाचे! बरं, सांगतो. माझा तेव्हा किती जळफळाट व्हायचा तेही सांगतो. आता लपवून काय करायचंय?

*

अमेरिकेत लढाई पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडी कापसाला असा भाव आला की लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवायला लागले. अकोल्यात विलायती कंपन्यांच्या कोठ्या निघाल्या. त्यातल्या एका कोठीला बाजारात बसून खरेदी करणारा स्वतःचा माणूस हवा होता.

मी तेव्हा तात्यांच्या हाताखाली दलाली शिकत होतो. तात्या म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आणि बाजारातले सगळ्यात मोठे दलाल. पण पगाराची नोकरी ती पगाराची! धुतलेलं धोतर, नवं पागोटं, असा मी कोठीसमोर रांगेत जाऊन उभा राहिलो.

इतक्यात एक गोरा पोरगा आला. रेल्वेचे रूळ अजून अकोल्यापर्यंत पोचले नव्हते. ते जिथं संपत होते तिथून हा बैलगाडीने आलेला. पाय चिखलात बरबटलेले आणि बूट हातात! ज्या नोकरीच्या भरवशावर तो मुंबईत जहाजातून उतरला, ती आधीच दुसऱ्याला मिळून गेली होती. साहेबलोक हुकूम सोडताना आम्ही पुष्कळ पाहिले होते, नोकरी मागायला आलेला साहेब कोणी पाहिला नव्हता. चपराशी त्याला म्हणाला, आत चला. तो नको म्हणाला आणि मुकाट्याने माझ्या मागे उभा राहिला. मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे!

मग कोठीचा एजंटसाहेब बाहेर आला, त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि त्या पोराला हाताला धरून आत नेलं. थोड्या वेळाने चपराशी आला. "जागा भरली. जा आता घरी!"

रांगेत माझ्या मागे होता तो! मागे!

*

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. एजंटसाहेबाने या टामसाहेबाला बाजार शिकायला पाठवलं ते नेमकं आमच्या तात्यांकडे.

आमच्याकडे कापसाचा भाव तोंडाने ठरत नसे. दलालाने रुमाल पसरायचा, त्याखाली शेतकऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि बोटं दाबून भाव करायचा. भोवती कितीही गर्दी असो, भाव त्या दोघांनाच कळे. तात्यांचा रुमाल लाल होता, त्यांच्या गुरूने दिलेला. तात्या थकले की तो मला मिळणार, असं मी धरून चाललो होतो. एकदा रुमाल हातात आला की गाड्या आपोआप माझ्याकडे वळतील. मग कंपनीची नोकरी गेली खड्ड्यात!

टामसाहेबाने त्या रुमालाखाली पहिल्यांदा हात घातला तेव्हा समोर एक म्हातारा शेतकरी होता. साहेबाला वाटलं, ही इथली रामराम करायची रीत आहे. त्याने म्हाताऱ्याचा अख्खा पंजा धरला आणि विलायती पद्धतीने गदागदा हलवला! एकेका हिसक्याला भाव चढतोय असं समजून म्हाताऱ्याचे डोळे मोठे होत गेले. शेवटी तो ओरडलाच, "देल्ला कापूस! देल्ला!"

रुमालाखाली ठरलेला भाव मोडायचा नाही, हा बाजाराचा कायदा. तात्यांनी कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, चला, गेली याची नोकरी!

संध्याकाळी मुंबईहून तार आली. कापूस साहेबाच्या भावाच्याही वर चढला होता! एजंटसाहेबाने त्याची पाठ थोपटली. पोराला दूरदृष्टी आहे, असं म्हणाला म्हणे. हाच घोळ माझ्या हातून झाला असता तर तात्यांनी मला वेशीपर्यंत पिटाळलं असतं.

*

पुढे तो बोटांची भाषा शिकला. पण रुमाल कुठला आणणार? आमच्यात तो गुरूने द्यावा लागतो. मग या पठ्ठ्याने काय करावं? डोक्यावरची टोपी काढली, हातावर उपडी धरली आणि तिच्याखाली भाव करायला लागला! सगळा बाजार हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

ऊन अकोल्याचं. भाव लांबला की साहेबाचं उघडं डोकं लाल मिरचीसारखं व्हायचं. कापूस घेऊन आलेली एक बाई एकदा म्हणाली, "डोकं झाक रे बाप्पा. घेरी येऊन पडशीन. म्या आपला भाव तोंडानंच सांगते!"

आणि खरंच सांगितला, भर बाजारात! मी इतकी वर्षं त्याच उन्हात उभा होतो, माझ्या डोक्याची कधी कोणाला काळजी वाटली नाही.

*

भाषेचंही तसंच. वर्षभरात तो आमच्यासारखा बोलायला लागला. एकदा एजंटसाहेब त्याला अमरावतीच्या कचेरीत घेऊन गेला. नमुन्यांची गाठोडी सांभाळायला मी मागच्या छकड्यात. कचेरीत पुण्याहून बदलून आलेले एक कारकून होते, अगदी शुद्ध बोलणारे. टामसाहेबाने त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि विचारलं, "काहून बे, काय करून राहिला?"

कारकुनांची लेखणी गळून पडली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना हे असलं कोण शिकवतं?"

पण एजंटसाहेब खूश! पोरगा इथली भाषा शिकला म्हणून त्याने टामसाहेबाचा पगार वाढवला.

अहो, तीच भाषा मी जन्मल्यापासून बोलतो!

*

हंगामात आई माझ्या जेवणाखाण्यासाठी अकोल्याला येऊन राहायची. बाबा बार्शीटाकळीजवळ शेतावर. एका हंगामात टामसाहेबाला ताप भरला. आईला कळल्याबरोबर तिने ज्वारीच्या कण्या शिजवल्या, वर ताक घातलं. आता साहेबाकडे गेलेलं भांडं परत घरात घ्यायची सोय नव्हती. म्हणून कुंभाराकडून कोरं करकरीत मडकं आणलं. ताप उतरेपर्यंत रोज नवं मडकं! आमच्या घरात मी आजवर फुटक्या कानाच्या वाडग्यात जेवत आलो.

त्याच दिवसांत मलाही ताप आला होता. घोंगडीतून तोंड काढून मी म्हटलं, "आई, मले बी ताप हाये!"

आई मडक्याचं तोंड फडक्याने बांधत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "तुयं काय रे! तू घरी हायेस."

*

मग तो दिवस आला. तात्यांचे गुडघे गेले होते. दसऱ्याला बाजारात तराजूची पूजा झाली आणि सगळ्यांच्या देखत तात्यांनी लाल रुमाल काढून माझ्या खांद्यावर ठेवला. लोकांनी जयजयकार केला. टामसाहेबानेही टोपी हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या मागे राहिला होता. माझ्या छातीत आनंद मावेना!

मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "तात्या, टामसाहेबाले काय देता?"

"त्याले काय द्याचं? त्याच्यापाशी टोपी हाये ना!"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे पाय गनू. या बाजारात तुया मामा हाये, साडू हाये, चुलता हाये. त्या पोराचं इथं कोनी नाई. तो कोनाची बाजू घेईन? लोकं हे पायतेत. रुमाल म्या तुले देल्ला, पन त्याच्याखाली लोकायचा हात तुलेच आनावा लागते."

मी मान हलवली. म्हाताऱ्यांना शेवटी काहीतरी बोलायची सवयच असते, असं मला वाटलं.

*

त्याच साली अमेरिकेतली लढाई संपली होती. भाव धडाधड उतरले. चांदीच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. शेतकऱ्यांना काही केल्या खरं वाटेना. कापूस तोच, बाजार तोच, मग भाव कोण खातो? दलाल खातात! जो तो दलालांकडे डोळे वटारून पाहायचा.

अशा वेळी माझा पहिला बाजार. नवं पागोटं घालून मी तात्यांच्या जागेवर बसलो, लाल रुमाल मांडीवर पसरला. समोर कडुनिंबाखाली टामसाहेब टोपी घेऊन उभा. तोही एकटाच.

पहिली गाडी आली. गाडीवान माझ्या ओळखीचा. "रामराम गनपतराव! रुमाल भेटला म्हनतेत, लय चांगलं झालं!" असं म्हणाला आणि गाडी कडुनिंबाकडे घेऊन गेला. दुसरी गाडी तिकडेच. तिसरीत माझा साडू होता. त्याने माझ्याकडे पाहायचंच टाळलं. बघता बघता कडुनिंबाखाली गाड्यांची रांग लागली, आणि माझ्या रुमालावर वरून उडत आलेला कापूस साचायला लागला.

तेवढ्यात मला घुंगरांचा आवाज आला. आमच्या बैलांची घुंगरं मी झोपेतसुद्धा ओळखतो. मी उठून उभा राहिलो, रुमाल झटकला, नीट पसरला, पागोटं सारखं केलं. मनात म्हटलं, आता येऊ दे गाडी! सगळ्या बाजाराला दिसू दे!

गाडी माझ्यासमोरून पुढे गेली.

मी रुमाल तसाच हातात धरून पळत कडुनिंबाखाली गेलो. गर्दीत कोपरं मारत पुढे घुसलो. साहेबाने टोपी उपडी धरली होती, आणि तिच्याखाली मनगटापर्यंत हात घालून उभा होता माझा सख्खा बाप!

"बाबा! म्या तं तिकडं बसून राहिलो!"

बाबांनी हात काढला नाही, की मान वळवली नाही.

"थांब रे गनू, भाव चालू हाये!"