फोडणीच्या भाताची बैठक

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना शिळा भात फार प्रिय. ताजा भात त्या घरी एकट्या खात, शिळ्यासाठी मात्र अख्खं गाव जमवत. संमेलन असो, सहल असो, शाळेत काहीही पार पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात सतरंज्या पडायच्या. शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या हौसामावशी कालच्या उरलेल्या भाताला कांदा-मिरचीची फोडणी द्यायच्या आणि शिक्षक, मुलं, आया, मंडपवाला असे सगळे एका पंगतीला बसायचे. ताट हातात पडलं की ज्यानं त्यानं एवढंच सांगायचं, माझ्याकडून काय राहिलं आणि पुढच्या वेळी मी काय करीन. दुसऱ्याचं नाव घ्यायला सक्त बंदी. कुणी घेतलंच, तर बाई मुकाट्यानं त्याच्या ताटात एक तळलेली मिरची वाढायच्या. पोरं त्यांना मागून 'भातबाई' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडायचंही.

पौड रस्त्यावरून आत वळलं की कासार आंबोलीच्या अंगाला आमचं गाव. बाई तालुक्यातल्याच. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकातलं असायचं, पण भाताला बसल्या की थेट चुलीपुढचं. सुरुवात नेहमी स्वतःपासून. "आदी मी सांगते. मंजी तुमचं भ्या जाईल," म्हणायच्या आणि खरोखरच आपली चूक सगळ्यांदेखत सांगून टाकायच्या. बाईंचंही चुकतं हे ऐकून आम्हां पोरांना काय आनंद व्हायचा!

एका संमेलनात मी मोर होते. आईनं हौसेनं झाडूच्या काड्यांचं भलंमोठं शेपूट झग्याला पक्कं शिवून टाकलं होतं. नाच भाषणानंतर होता आणि पाहुणे काही आवरेनात. मला खाली बसता येईना, आणि त्याहून वाईट म्हणजे, मोरीकडे जाता येईना. शेवटी पाहुणे संस्कारांवर बोलत असताना मोर रडत, शेपूट सांभाळत स्टेजवरून आरपार पळाला. घरी आईनं पाहुण्यांचा उद्धार केला, गावानं आईचा. दुसऱ्या दिवशी भाताला बसल्यावर बाई म्हणाल्या, "पाव्हण्यांला आवरा म्हणायला मी भ्याले. पुढल्या येळंला भाषणंच न्हाई ठेवायची. पोरं ताटकळत्यात." मग आई हळूच बोलली, "माज्याकडनं शेपूट लई घट शिवलं गेलं. पुढल्या येळंला नाडी लावते." त्यानंतर आमच्या शाळेतल्या प्रत्येक पशुपक्ष्याला नाडी आली आणि भाषणं कायमची गेली.

कासारसाईच्या धरणावर सहल गेली, तेव्हा पिण्याच्या पाण्याचे कॅन शाळेच्या व्हरांड्यातच राहिले. धरणाच्या काठावर आम्ही सगळे तहानलेले. मुलांना वाटलं सरांनी टेम्पोत चढवले, सरांना वाटलं ड्रायव्हरनं चढवले. दुसऱ्या दिवशी जो तो "मला वाटलं" म्हणून सुरुवात करू लागला, तशा बाई वैतागल्या. "वाटलं बिटलं सोडा. इचारलं का? न्हाई ना? मग 'म्या इचारलं न्हाई' म्हना." तेव्हापासून 'मला वाटलं' म्हणणाऱ्यालाही मिरची सुरू झाली.

मी शिकले, हिंजवडीत नोकरीला लागले, मारुंजीत फ्लॅट घेतला. पुढे माझ्याकडे एक टीम आली. आमच्याकडेही प्रोजेक्ट संपल्यावर चुकांमधून शिकायची मीटिंग असते. तिथे एसी असतो, स्लाइड्स असतात आणि प्रत्येकजण अतिशय सभ्य इंग्रजीत शेजाऱ्याच्या माथ्यावर खापर फोडत असतो. एकदा काम चांगलंच बोंबललं. त्या मीटिंगला मी फोडणीच्या भाताचा डबाच घेऊन गेले. "मॅडम, ये क्या, पिकनिक है?" टीममधला पांडे हसला. मी म्हटलं, आधी मी सांगते, टीमला न विचारता मी क्लायंटला तारीख दिली. पांडेनं चमचा खाली ठेवला. "मुझसे ये रह गया, कि मैंने देर से बताया." त्या दुपारी पहिल्यांदा आम्हाला आमचं काम नेमकं कुठे फसलं ते कळलं. बाईंना फोन केला, तर त्यांनी फक्त विचारलं, "भात शिळा व्हता ना?"

मग बाईंच्या निवृत्तीचा दिवस आला. निरोप समारंभ आम्ही माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घेतला. आयटीतली माणसं आम्ही. बाईंनी शिकवलेलं एकूण एक वापरलं. पाणी आधी पोहोचलं. ज्यानं त्यानं विचारून घेतलं. जेवणाची माणसं इतकी नेमकी मोजली, की शीतही वाया गेलं नाही. आणि भाषण अर्थातच एकही ठेवलं नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, मोरांचा नाच झाला, पंगती वेळेवर बसल्या. बाई शालीखाली हाताची घडी घालून खुर्चीत हसत होत्या. मी स्वतःवर फार खूश होते. बाईंच्या जागी नुकतेच रुजू झालेले नवे सर म्हणाले, "इतका आटोपशीर कार्यक्रम मी पाहिला नाही." मला तेव्हाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडप आवरायला गेले, तर बाई फाटकातून आत येत होत्या, दोन्ही हातांत फडक्यात बांधलेलं पातेलं. "काल तुमी काईच उरू दिलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग म्या घरी जाऊन भात टाकला. आजपस्तोर शिळा व्हायला पायजे ना."

उरलेला भात नाही म्हणजे आजची बैठकही नाही, हे आमच्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. हौसामावशींनी चूल पेटवली. आवरायला आलेले आम्ही सगळे सतरंजीवर बसलो. नव्या सरांनाही बसवलं. ते पँटच्या इस्त्रीला जपत कडेला टेकले. आज बाईंनी सुरुवात केली नाही, म्हणून मी केली. बोलता बोलताच मला उमगलं. "माझ्याकडून... बाईंना बोलायला वेळ ठेवायचा राहिला." पुढच्या वेळी काय करीन, ते मला म्हणता येईना. निवृत्तीला कुठली आलीय पुढची वेळ?

"माज्याकडनंबी राहिलं," बाई म्हणाल्या. "मला बोलायचं व्हतं, पर म्या सांगितलं न्हाई. भाषण नगं म्हनणारी मीच, मग मागू कुन्या तोंडानं?" मग नव्या सरांकडे वळल्या आणि एकदम पुस्तकातल्या मराठीत आल्या. "सर, सांगायचं होतं ते एवढंच. माझ्यामागे शाळेत काय बदलायचं ते बदला. हा भात तेवढा चालू ठेवा." इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं.

सरांनी ताटाकडे पाहिलं. "माझ्याकडून," ते अडखळत म्हणाले, "मला वाटलं, की ही नुसती..." बाईंनी हात लांब करून त्यांच्या ताटात मिरची ठेवली. पंगत हसली. सरांनी ती मिरची खाल्ली.

यंदाच्या संमेलनानंतर सरांचा फोन आला, "उद्या भात आहे, बाईंना घेऊन या." व्हरांड्यात सतरंज्या पडलेल्या. सरांनी स्वतःपासून सुरुवात केली. पाळी फिरत फिरत बाईंपाशी आली, तशी पोरं कान टवकारून बसली. बाईंनी आठवून पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

"माज्याकडनं यंदा काईच राहिलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या काई केलंच न्हाई. तुमीच केलं समदं."

आणि त्यांनी ताट पुढे केलं. "हौसा, वाढ गं आजून."