शिवलेलं शेवटचं प्रकरण

प्रभंजन इनामदारांना खुर्चीत स्वस्थ बसलेलं हुबळीत कुणी पाहिलेलं नाही. वीज खात्यातून निवृत्त झाले तरी त्यांचा उजवा पाय अजून नोकरीत असल्यासारखा हलत असतो. चहा निवायच्या आत पिणार, जीभ पोळून घेणार, आणि रहस्यकथा हाती आली की आधी शेवटचं पान उघडणार. खुनी कोण ते कळल्याखेरीज त्यांना पहिलं पान गोडच लागत नसे. बरं, वाचून गप्प बसावं, तर तेही नाही.

विद्यानगरात सविताबाईंच्या घरी महिन्यातून एका रविवारी वाचक मंडळ भरतं. सगळे विज्ञानातल्या रहस्यकादंबऱ्यांचे वेडे. पुण्याहून एकच प्रत मागवायची, ती घरोघर फिरवायची, मग जमून प्रत्येकानं आपलं मत द्यायचं आणि कुणावर संशय आहे ते सांगायचं. अगदी सुरुवातीला वकील संजीव मंगळावरच्या एका खुनाची उलटतपासणी घेत असताना प्रभंजन मध्येच म्हणाले, "कशाला डोकं शिणवता? माळ्यानं मारलंय." संजीव तिथल्या तिथं उठले आणि चपला घालायला लागले.

त्यावर उपाय काढला कृष्णाक्कांनी. मुलींच्या शाळेत जन्मभर शिवण शिकवलेली बाई. पुढची कादंबरी आली तेव्हा त्यांनी दाभण घेतलं, लाल दोरा ओवला आणि शेवटचं प्रकरण कडेनं शिवून टाकलं. "आता वाच बघू," म्हणाल्या. तेव्हापासून प्रत फिरते ती शिवलेलीच. रविवारी सगळ्यांची मतं झाली की टाके उसवायचे आणि शेवट मोठ्यानं वाचायचा. संशय खरा ठरे तो दरवेळी अक्कांचा. प्रभंजनांचा एकदाही ठरला नाही. याचा त्यांना भयंकर राग येई, आणि अक्कांसारखं डोकं साऱ्या धारवाड जिल्ह्यात नाही असं पाहुण्यारावळ्यांना तेच सांगत सुटत.

या खेपेची कादंबरी चंद्रावरच्या तळाची होती. कोठारात एक संशोधक मरून पडलेला, आणि संशय तिघांवर: डॉक्टरीण, स्वयंपाकी आणि हवा सांभाळणारं बोलकं यंत्र. डॉक्टरणीचं म्हणणं असं की, ती तळाबाहेर होती आणि तिथं तिला आत काहीतरी धाडकन पडल्याचं ऐकू आलं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सविताबाई बैठकीआधीच या वाक्यावर उखडल्या. "बाहेर हवाच नाही तर आवाज येतो कुठनं? लेखकाला शाळेत पाठवा की!" संजीवांना यंत्राचा संशय. डॉक्टरणीची साक्ष त्यांना भरवशाची वाटत होती, कारण शिकलेली बाई. अक्का एवढंच म्हणाल्या, "स्वयंपाकी." प्रभंजनांचं मत प्रत हाती यायच्या आधीच रोज बदलत होतं.

प्रत शेवटी प्रभंजनांकडे आली, आणि त्याच आठवड्यात अक्कांना दवाखान्यात भरती केलं. हृदयाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. बैठक त्याच्या आदल्या दिवशी. प्रभंजन भेटायला गेले तेव्हा अक्का उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज खोल गेलेला.

"प्रभंजना, रविवारी मी नसणार. टाके उसव, शेवट वाच आणि उद्या येऊन मला सांग."

"अक्का, नियम तुमचाच आहे."

"म्हणून मीच मोडते म्हणते की."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोच्या कात्रीनं टाके कापले. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी हात शिवशिवत होते तो क्षण आला आणि कसली मजाच वाटेना. खून डॉक्टरणीनं केला होता. सविताबाईंना जी लेखकाची चूक वाटली, तोच पुरावा होता. बाहेर ऐकू येणंच शक्य नाही, म्हणजे बाई आत होती. एरवी प्रभंजन घरभर नाचले असते. पण अक्का चुकल्या होत्या! परवा छाती उघडणार त्या बाईला आज जाऊन सांगायचं, की तुमचं पहिल्यांदाच चुकलं?

उणकल तळ्याला चक्कर मारली, परत आले, पुन्हा निघाले. बायको पद्मा म्हणाली, "अहो, खरं ते सांगा. त्यांना काय परीक्षेला बसायचंय?" पण प्रभंजनांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चुकलेल्या अक्का त्यांना बघवल्या नसत्या.

दवाखान्यात स्टूल ओढून ते म्हणाले, "अक्का, तुमचंच बरोबर. स्वयंपाकीच."

अक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. "खोटं. खोटं बोलताना तुझा पाय थांबतो. आणि मारलंय डॉक्टरणीनं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अय्यो, शिवते कोण? शेवटचं प्रकरण कुठनं सुरू होतं ते बघितल्याशिवाय शिवू कशी? डोळा जातो. एकदा गेला की कोण थांबतंय?"

प्रभंजन तोंड उघडं टाकून बसले. इतक्या वर्षांत हे मंडळातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. "म्हणजे दरवेळी...?"

"दरवेळी. कौतुक करून घ्यायची चटक लागली रे. मग लाज वाटायला लागली. या खेपेला म्हटलं, दुसऱ्या कुणाचं तरी बरोबर येऊ दे." त्यांनी उशीखालून डबी काढली. दाभण, लाल दोरा. "शेवट कळल्यावर तू तोंड मिटून बसतोस का ते बघायचं होतं. मी विचारूनसुद्धा फोडला नाहीस. माझ्यामागं हे कुणाला द्यायचं? घे."

प्रभंजनांना राग आला. फसवल्याचा राग थोडा होताच, पण अक्का निरवानिरव करताहेत याचा फार आला. "मला शिवता येत नाही," ते ओरडले.

"सुम्मनिरो. गप्प बस आणि शिक."

प्रभंजनांनी घरी टाके परत घातले, बोट टोचून घेतलं. रविवारी सविताबाईंनी लेखकाला पुन्हा झोडपलं, संजीवांनी यंत्राला फाशी सुनावली. प्रभंजन दात आवळून बसले. पाळी आली तेव्हा म्हणाले, "स्वयंपाकी." पुस्तक उसवताना संजीव हळूच म्हणाले, "टाके वाकडे आलेत, आधी लक्षात आलं नव्हतं. अक्कांचा हात थरथरला असणार." प्रभंजनांनी टोचलेलं बोट मुठीत लपवलं. शेवट वाचून झाला तेव्हा सविताबाईंनी कपाळावर हात मारला आणि सगळे हसले. इतका वेळ तोंड मिटून बसल्यानं प्रभंजनांचा जबडा दुखत होता.

सोमवारी अक्कांना आत नेलं. बाहेर बाकावर त्यांची भाची जप करत बसली, आणि प्रभंजन येरझाऱ्या घालत होते. पिशवीत पुढची कादंबरी होती, नुकती आलेली, आणि अक्कांची डबी. काहीतरी हाताला हवं म्हणून त्यांनी ती काढली. शेवटचं प्रकरण शोधलं, मथळा दिसला, त्याखालची पहिली ओळ दिसली, आणि त्यांनी पान दाबून धरलं. आत दारापलीकडं काय चाललंय ते कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शेवटाची भीती वाटली. त्यांनी मान भिंतीकडं वळवली आणि आंधळ्यासारखे टाके घातले.

ऑपरेशन पार पडलं. अक्कांना खोलीत आणल्यावर प्रभंजनांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. अक्कांनी कडेवरून बोट फिरवलं.

"पोत्याला बरे शोभले असते असे टाके. वाचलंस ना?"

"नाही."

"शिवताना?"

"भिंतीकडं बघत शिवलं."

अक्कांना वाकता येईना, म्हणून त्यांनी मान तिरकी करून कॉटच्या कडेवरून खाली पाहिलं. प्रभंजनांचा पाय इतका हलत होता, की स्टूल खडखडत होतं. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक त्यांनी परत प्रभंजनांकडं सरकवलं.

"म्हणजे या खेपेला दोघांनाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "वाच. पहिल्या पानापासून."