खरवडलेली किरणं

सावंतवाडीत आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो काढायचे आमचे हे, आणि निगेटिव्हवर हात फिरवायची मी. नवरीच्या तोंडावरचे देवीचे वण पेन्सिलीने बुजवायचे, डेव्हलपरचे ओघळ बारीक सुरीने खरवडायचे. त्या हाताचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू.

सिलोनात खग्रास ग्रहण लागलं, तेव्हा माझा धाकटा भाऊ तिथे परदेशी शास्त्रज्ञांच्या तळावर पेट्या वाहायला होता. कोपरा तडकलेली एक काचेची निगेटिव्ह त्यांनी त्याला देऊन टाकली. ती त्याने मला पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "बाय, झाकलेल्या सूर्याभोवतीचो उजेड हेच्यात आसा. छापून ठेव, मी येतंय." येणार होता तो क्षयाने. डॉक्टरांनी हात टेकले होते.

पहिल्या प्रिंटमध्ये काळ्या वाटोळ्याभोवती नुसती पांढरी कड आली, बाहेर सगळा काळोख. मी हट्टाला पेटले. काळं-पांढरं ठळक उठवणारा हार्ड पेपर घेतला, पुठ्ठ्याला भोक पाडून कडेला प्रकाश जास्त दिला, बाहेर कमी, म्हणजे तिथला कागद काळा पडणार नाही. चौथ्या प्रिंटला बाहेरचा फिकट उजेड वर आला, आणि त्यात लांब लांब पांढरे ओघळ दिसले. म्हटलं, झालं, डेव्हलप करताना कोणीतरी घाण करून ठेवलीय. ह्यांना विचारायचं? छे! तासाभरात काचेवरचे ते ओघळ सुरीने खरवडून काढले आणि पुन्हा प्रिंट काढली. उजेड कसा, समईभोवती असतो तसा गोल.

भाऊ आला. नुसता हाडांचा सापळा, पण येईल त्याला ग्रहण रंगवून सांगायचा. जन्मात तेवढी एकच मोठी गोष्ट त्याने बघितली होती. दोन दिवसांनी मी प्रिंट हातात दिली. त्याने ती उजेडात धरली.

"बाय गो, हेची लांब किरणां खंय गेली?"

मी विचारलं, "कसली किरणां?"

"सूर्याची. चारय बाजूंक पसरलली. सगळे यंत्रात डोकी घालून होते, मी एकलोच वर बघी होतंय."

सांगायला हवं होतं. पण माझ्या हातून चुकलं, हे जिभेवर येईना. मेली ती जीभ.

त्याने प्रिंट पालथी ठेवली. "मगे माका भासच झालो आसतलो. ताप होतोच आंगात."

"आसतलो," मी म्हटलं.

त्यानंतर तो महिनाभर होता. भेटायला येणारे ग्रहणाचं विचारायचे. "माका काय समाजता," म्हणायचा, आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.